पुढच्या गल्लीलाही सांगा



या महिन्यात कचऱ्याबद्दल लिहिणार आहे. विषय पाहून पान उलटू नका. मीसुद्धा बरीच वर्षं हा विषय उलटून पुढे जात होते. शाळेत दर वर्षी मुलांकडून स्वच्छतेवर निबंध लिहून घ्यायचे, चांगल्या निबंधांना शेरा द्यायचे आणि घरी आल्यावर सगळा कचरा एकाच पिशवीत कोंबून गाठ मारायचे. ती गाठ मला गेल्या रमजान ईदला सुटली.

ईदच्या दिवशी आपल्या घरांत काय गडबड असते ते मी सांगायला नको. पाहुण्यांची ये-जा, शिरखुर्म्याच्या वाट्या, मुलांची ईदी, चहाची आधणं. दुपारी मोरीत एक काचेचा बाउल फुटला. हाताशी वेळ नव्हता. मी तुकडे सुपलीत गोळा केले आणि उरलेल्या शेवया, खजुराच्या बिया, चहाचा चोथा, वेफर्सची पाकिटं, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या यांच्याबरोबर एका काळ्या पिशवीत टाकले. सकाळी घंटागाडी आली. रोज येणाऱ्या मावशींच्या हातात पिशवी दिली, ईदच्या निमित्ताने थोडे पैसे आणि शिरखुर्म्याचा डबाही दिला. मनात म्हटलं, चला, गरिबाचा हक्क दिला.

दोन दिवसांनी गाडीवर दुसरीच बाई होती. मावशी कुठे गेल्या, असं विचारलं तर म्हणाली, “त्यांच्या हाताला काच लागली. टाके पडलेत.”

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. उजव्या तळहाताला पट्टी होती. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं होतं. त्या ठेकेदाराकडे रोजंदारीवर काम करतात. काम नाही त्या दिवशी पैसे नाहीत. मी चाचरत म्हटलं, “मावशी, माझ्या पिशवीत काच होती.” त्या म्हणाल्या, “तुमचीच लागली की कुणाची, कसं सांगू बाई? तीन गल्ल्यांच्या पिशव्या होत्या.” मी पैसे पुढे केले. त्यांनी घेतले. मग म्हणाल्या, “दिलेत ते बरं केलंत. पण काच कागदात गुंडाळून वेगळी देत जा. आणि पुढच्या गल्लीलाही सांगा.”

त्यांनी मला दोष दिला नाही. दिला असता तर सोपं झालं असतं, कारण मग मी काहीतरी सबब सांगितली असती. ती काच माझी होती असं कुणी सिद्ध करू शकत नाही. पण ती माझी नव्हती असं मीही सिद्ध करू शकत नाही. म्हणून हा लेख पुढच्या गल्लीसाठी आहे.

पिशवी कुठे जाते?

आमचं गाव कोकण किनाऱ्यावरचं. पंधरा-वीस वर्षांपूर्वी इथे मासळी, आंबा आणि परदेशातून येणारी मनीऑर्डर यांवर घरं चालायची. आता पर्यटन आलं आहे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आणि मे महिन्यात मुंबई-पुण्याच्या गाड्यांनी रस्ता भरून जातो. आपल्यातल्या कितीतरी घरांनी वरचा मजला चढवून पर्यटकांना खोल्या द्यायला सुरुवात केली. घरातल्या बायकांच्या हातच्या सांदणांना आणि माशाच्या कालवणाला भाव मिळाला. ही बरकत आहे, तिला नावं ठेवण्याचा माझा विचार नाही. पण पाहुणा येतो तेव्हा त्याच्याबरोबर पाण्याच्या बाटल्या, पाकिटं, कागदी म्हणवणारे पण आतून प्लास्टिकचा थर असलेले कप हेही येतं. पाहुणा जातो, ते इथेच राहतं.

मावशी कामावर परतल्यावर मी त्यांच्याबरोबर एका रविवारी कचरा जिथे नेतात तिथे गेले. गावाबाहेरच्या माळावर एक शेड आहे आणि शेडपुढे मोठा ढीग. शेडमध्ये काही बायका बसून पिशव्या फोडत होत्या. एकीने माझ्यासमोर एक पिशवी फोडली. आत भात, माशांचे काटे, बाळाचं डायपर, औषधाची पट्टी, दुधाच्या पिशव्या आणि एक चांगली, भंगारात विकली जाईल अशी बाटली होती. सगळं आमटीत भिजलेलं. तिने बाटली काढून पुसली आणि बाजूला ठेवली. डायपर दुसऱ्या बाजूला. भात आणि काटे तिसऱ्या बाजूला. ते सगळं उघड्या हाताने, कारण हातमोजा घातला की गाठी सुटत नाहीत, असं ती म्हणाली.

तिथे उभी असताना मला एक साधी गोष्ट कळली, जी इतकी वर्षं शिकवूनही कळली नव्हती. कचरा वेगळा करायचा की नाही, हा प्रश्नच नसतो. तो कुणाला तरी वेगळा करावाच लागतो. प्रश्न एवढाच की तो कुणाच्या हाताने व्हायचा. माझ्या ओट्यावर बाटली कोरडी असते, भात ताटात असतो, डायपर माझ्याच घरातल्या बाळाचं असतं. तिथे वेगळं करायला दोन क्षण लागतात. तेच सगळं एका पिशवीत रात्रभर मुरल्यावर दुसऱ्या कुणाला तरी नाकाला पदर लावून करावं लागतं. आपण काम टाळत नाही, आपण ते काम घाण करून दुसऱ्याकडे सरकवतो.

ढिगाचं काय होतं?

जे हाताने वेगळं होत नाही ते ढिगावर जातं. ओलं अन्न ढिगाच्या पोटात हवेशिवाय कुजलं की मिथेन वायू तयार होतो. तो पेट घेतो, म्हणून असे ढीग उन्हाळ्यात धुमसतात. प्लास्टिक जळतं तेव्हा त्याचा धूर साधा नसतो. पीव्हीसीसारख्या प्लास्टिकच्या धुरात डायॉक्सिनसारखी अत्यंत विषारी द्रव्यं असतात. घरामागच्या परड्यात पाचोळ्याबरोबर पिशव्या जाळणाऱ्या आपल्या दादी-नानींना हे आवर्जून सांगा.

मग पाऊस येतो. कोकणात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि आपली जमीन जांभ्याची, सच्छिद्र. ढिगातून झिरपलेलं काळं पाणी जांभ्यातून खाली उतरतं आणि खालच्या वाडीच्या विहिरीकडे जातं. हलकं प्लास्टिक वहाळातून खाडीत, खाडीतून समुद्रात जातं. पावसाळ्यात उधाणाच्या भरतीला समुद्र त्यातलं बरंच किनाऱ्यावर परत आणून टाकतो. आमचे मच्छीमार भाऊ सांगतात की जाळं ओढलं की मासळीआधी पिशव्या मोजाव्या लागतात. प्लास्टिक कुजत नाही. ऊन आणि लाटा त्याचे तुकडे करतात, तुकड्यांचे आणखी बारीक तुकडे होतात आणि ते माशांच्या पोटात सापडतात. तो मासा कुणाच्या ताटात येतो हे किनाऱ्यावरच्या माणसांना वेगळं सांगायला नको.

सगळं प्लास्टिक सारखं नसतं, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. पाण्याची बाटली, दुधाची पिशवी, तेलाचा डबा यांना भंगारात किंमत आहे, कारण त्यांचं पुन्हा काहीतरी बनतं. पण वेफर्स, बिस्किटं, गुटखा यांची चकचकीत पाकिटं म्हणजे प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते वेगळे करणं अवघड, म्हणून भंगारवाला त्यांना हात लावत नाही. शाळेच्या कुंपणापाशी सगळ्यात जास्त काय पडलेलं असतं ते आठवून पाहा.

कायदा काय म्हणतो?

कायदे कमी नाहीत. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी प्रत्येक घरावर ओला, सुका आणि घरगुती घातक असा कचरा वेगळा करून देण्याची जबाबदारी टाकली. कचरा रस्त्यावर, उघड्यावर, नाल्यात किंवा पाण्यात टाकायचा नाही, जाळायचा नाही, हेही त्यात स्पष्ट होतं. याच नियमांत आपल्या कामाची आणखी एक गोष्ट होती, जी फार थोड्यांना ठाऊक असते: १०० पेक्षा जास्त माणसांचा कार्यक्रम विनापरवाना जागेत करायचा असेल तर किमान ३ कामाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवायचं आणि तिथला कचरा वेगळा करून देण्याची जबाबदारी आयोजकाची. आपला कुठला वलीमा १०० माणसांत होतो?

महाराष्ट्राने २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्या, थर्माकोल आणि एकदा वापरून फेकायच्या ताट-वाट्या-पेल्यांवर बंदी घातली. पहिल्यांदा सापडल्यास ५,००० रुपये दंड ठेवला. १ जुलै २०२२ पासून देशभर प्लास्टिकचे पेले, ताटल्या, चमचे, स्ट्रॉ, सजावटीचा थर्माकोल, इतकंच नव्हे तर मिठाईच्या खोक्यावर आणि निमंत्रणपत्रिकेवर गुंडाळतात ती पातळ प्लास्टिकची झिल्लीही बंद झाली. ३१ डिसेंबर २०२२ पासून पिशवी किमान १२० मायक्रॉन जाडीची हवी. तरीही मटणाच्या दुकानातून आपण पातळ काळ्या पिशवीतच मटण आणतो.

इथे कुणी म्हणेल, “बाई, आम्ही वेगळा करतो, पण गाडीवाला दोन्ही एकाच डब्यात ओततो.” ही तक्रार खोटी नाही. आमच्या गल्लीतही असंच होत होतं. मीही ते कारण पुढे करून वर्षभर वेगळा करणं थांबवलं होतं. शेवटी आम्ही पाच-सहा घरांतल्या बायका मिळून नगरसेवकाकडे गेलो आणि मग लेखी अर्ज दिला. दोन महिने काही झालं नाही. तिसऱ्या महिन्यात गाडीत मधोमध पत्रा बसवून दोन कप्पे केले. अजूनही एखाद्या दिवशी गाडी बदलली की सगळं एकत्र जातं. पण आता आम्ही दारात उभ्या राहून विचारतो. जो स्वतः वेगळं करून देतो त्यालाच विचारण्याचं तोंड असतं.

वेंगुर्ल्याने काय केलं?

लहान गावाला हे जमत नाही असं म्हणणाऱ्यांनी सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या वेंगुर्ल्याकडे पाहावं. तेही आपल्यासारखंच किनाऱ्यावरचं, पर्यटकांचं गाव. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १२ हजारांच्या थोडी वर होती. २०१५ च्या सुमारास रामदास कोकरे तिथे नगरपरिषदेचे मुख्याधिकारी म्हणून आले. त्यांच्या काळात घरोघर कचरा वेगळा करून घ्यायला सुरुवात झाली आणि कचरा टाकण्याच्या मैदानाचं रूप पालटलं. ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि खत, पाल्यापाचोळ्यापासून जळणाच्या कांड्या, आणि ज्या प्लास्टिकला भंगारात किंमत नाही ते बारीक करून डांबरी रस्त्यात. केंद्रावर कचरा वीसहून अधिक प्रकारांत वेगळा होऊ लागला. जिथे नाक धरून जायचं त्या जागेला ‘स्वच्छ भारत पर्यटन स्थळ’ असं नाव मिळालं आणि लोक तिकीट काढून ती जागा पाहायला येऊ लागले.

प्लास्टिकच्या रस्त्याचं तंत्र मदुराईचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी विकसित केलं. त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. तापलेल्या खडीवर बारीक केलेलं प्लास्टिक टाकलं की ते वितळून खडीला चिकटतं आणि डांबराची पकड वाढते. पण यासाठीही ते प्लास्टिक कोरडं आणि स्वच्छ हवं. आमटीत भिजलेल्या पिशवीचा रस्ता होत नाही. वेंगुर्ल्याची यंत्रं इतर गावंही विकत घेऊ शकतात. पण तिथली खरी सुरुवात यंत्रापासून झाली नाही, ती घराच्या उंबरठ्यापासून झाली.

दीन काय सांगतो?

तहारत हा ईमानचा अर्धा भाग आहे, हे आपल्या मुलांना मदरशाच्या पहिल्या वर्षी शिकवतात. रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणं ही ईमानची सर्वांत खालची का होईना पण शाखा आहे, हेही आपण शिकलो. मग रस्त्यात त्रासदायक वस्तू टाकणारा कुठे बसतो, याचा विचार आपण करत नाही. रस्त्यात, सावलीच्या जागी आणि पाण्याच्या ठिकाणी घाण करणाऱ्यावर लोकांचा शाप येतो, असं सांगून प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यापासून दूर राहायला सांगितलं. आपला समुद्रकिनारा तर एकाच वेळी रस्ता, सावली आणि पाणी तिन्ही आहे.

पण मावशींच्या घरून परतताना मला दुसरीच हदीस आठवत होती. मस्जिदे नबवीत झाडलोट करणारी एक स्त्री होती. काही दिवस ती दिसली नाही तेव्हा प्रेषितांनी (स.) तिची चौकशी केली. ती वारल्याचं त्यांना कळलं. सहाबांनी तिचं प्रकरण लहान समजून त्यांना कळवलं नव्हतं. प्रेषितांनी विचारलं की मला का सांगितलं नाही, मग तिची कबर कुठे आहे ते विचारून घेतलं आणि तिथे जाऊन तिच्यासाठी नमाज अदा केली. झाडणारी दोन दिवस दिसली नाही, हे ज्यांच्या लक्षात आलं त्यांचे आपण उम्मती. आपल्या गल्लीतल्या झाडणाऱ्या बाईचं नाव आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? मला ते सहा वर्षांनी, तिच्या हाताला टाके पडल्यावर कळलं.

अल्लाह आपल्या हक्कांतली कसूर माफ करील, अशी आपण आशा ठेवतो. पण बंद्यांचे हक्क, हुकूकुल इबाद, त्या बंद्याने माफ केल्याशिवाय सुटत नाहीत. जिची जखम कुणाच्या काचेने झाली हे तिलाच ठाऊक नाही, ती माफ तरी कुणाला करणार? रमजानचे तीस रोजे ठेवून शव्वालच्या पहिल्या दिवशी मी हा हिशेब ओढवून घेतला होता.

घरात काय बदललं?

आता कामाचं बोलू. आमच्या घरी आज ही पद्धत आहे. तुम्हाला सोयीची वाटली तर घ्या.

ओट्याखाली दोन डबे. एकात ओलं: साली, उष्टं, काटे, चहाचा चोथा. त्यात पिशवी घालायची नाही. तळाला वर्तमानपत्र घालायचं आणि डबा रोज धुवायचा. परडं असलेल्यांनी ओलं बाहेर देण्याचीही गरज नाही. एक खड्डा, एक थर ओल्याचा, एक थर सुक्या पाल्याचा, थोडी माती. माडांना आणि कलमांना तेच खत होतं. माशांचे आणि मटणाचे अवशेष मात्र खोल पुरा, नाहीतर कुत्री उकरतात.

दुसऱ्या डब्यात सुकं. दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा वेगळा करू नका, अर्धवट कापा. तो इवला तुकडाच सगळ्यात आधी नाल्यात जातो. पिशव्या आणि बाटल्या धुण्याच्या उरलेल्या पाण्यात विसळून, वाळवून ठेवा. आठवड्यातून एकदा दिल्या तरी वास येत नाही. ही सोपी सवय लावायला मला सर्वांत जास्त वेळ लागला.

तिसरी एक छोटी खोकी कपाटाच्या वर, मुलांचा हात पोचणार नाही अशी: संपलेले सेल, जुनी औषधं, बल्ब, ब्लेड, सुया. काच फुटली तर जाड कागदात गुंडाळून, दोऱ्याने बांधून, वर ‘काच’ असं लिहून हातात द्यायची.

भगिनींनो, एक गोष्ट संकोच सोडून लिहिते. पॅड आणि डायपर उघडे टाकू नका. कागदात नीट गुंडाळा आणि वर लाल पेनाने ठळक ठिपका काढा. पुण्यातल्या कचरावेचक महिलांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने ही लाल ठिपक्याची पद्धत पुढे आणली, कारण ते पुडकं कशाचं आहे हे उघडून पाहण्याची वेळ आपल्यासारख्याच एका बाईवर येऊ नये. आपल्या मुलींना हे आईनेच शिकवायचं आहे.

मटण-मासळीला जाताना झाकणाचा स्टीलचा डबा न्या. पहिल्या दिवशी दुकानदार हसेल, चौथ्या दिवशी तोच डबा मागेल. बकरी ईदला गोश्त वाटताना पातळ पिशव्यांऐवजी डब्यात किंवा केळीच्या पानात द्या. कुर्बानीचे अवशेष प्लास्टिकमध्ये बांधून रस्त्याकडेला ठेवण्यापेक्षा खड्डा खणण्याची किंवा ते उचलून नेण्याची व्यवस्था आधीच ठरवा.

जमातीची भांडी

घरातलं बदलणं सोपं असतं. समाजातलं बदलताना खरी परीक्षा होते. गेल्या हिवाळ्यात माझ्या पुतणीचं लग्न झालं. आमच्या जमातीच्या कोठीत देगा, पराती, स्टीलची ताटं, पेले अशी शेकडो माणसांना पुरतील एवढी भांडी आहेत. आमच्या आधीच्या पिढीने वर्गणी काढून घेतलेली. एके काळी प्रत्येक लग्नाला तीच निघायची. मोठ्या थाळ्याभोवती चार-पाच जण बसून जेवायचे. हल्ली ती धूळ खात पडली आहेत, कारण एकदा वापरून फेकायची ताटं आणि छोट्या पाणी-बाटल्या आल्या.

मी म्हटलं, भांडी काढू या. माझे दीर म्हणाले, “भाभी, धुणार कोण? आणि लोक म्हणतील, बाटल्यांचे पैसे वाचवले.” जेठाणी म्हणाल्या, “पाहुणे मुंबईचे आहेत, नळाचं पाणी पिणार नाहीत.” दोघांच्या म्हणण्यात तथ्य होतं. धुणार कोण, हा प्रश्न तर अगदी रास्त. कारण नाहीतर तेच व्हायचं: आपल्या स्वच्छतेचा भार पुन्हा कुणा दुसऱ्या बाईच्या पाठीवर. शेवटी ठरलं की ताटांचा खर्च वाचेल तो भांडी धुणाऱ्या बायकांच्या मजुरीत घालायचा, आणि पाण्यासाठी मोठे जार भाड्याने आणून स्टीलचे पेले ठेवायचे.

सगळं ठरल्यासारखं झालं असं नाही. नवऱ्यामुलाकडच्या मंडळींनी त्यांच्या गाडीतून बाटल्यांची खोकी आणलीच, आणि आइस्क्रीमचे प्लास्टिकचे चमचे मंडपभर पडले. पण रात्री सगळं आवरल्यावर मंडपामागे जो ढीग दर वेळी असतो तो नव्हता. ओलं एका खड्ड्यात गेलं, बाटल्या दोन गोण्यांत मावल्या. दुसऱ्या दिवशी जमातीच्या सदर साहेबांनी कोठीची किल्ली परत घेताना विचारलं, “पुढच्या महिन्यात आमच्याकडे लग्न आहे. धुणाऱ्या बायकांना तुम्हीच सांगाल का?” मी हो म्हटलं.

खोल्या भाड्याने देणाऱ्या घरांनाही माझी हीच विनंती आहे. पाहुण्याला खोलीची किल्ली देताना दोन डबे दाखवा. पाण्याचा फिल्टर बसवा आणि बाटली भरून द्या. किनाऱ्यावर जाताना एक कापडी पिशवी हातात द्या आणि हसून सांगा की यात काय आणाल ते आम्ही बघू. पर्यटक घाण करतात हे खरं आहे, पण ते आपले मेहमान आहेत. मेहमान जिथे राहतो तिथली रीत पाहून वागतो. आपल्या दारासमोर वहाळात पिशव्या तरंगत असतील तर त्याला कोणत्या तोंडाने सांगणार?

शेवटी

मावशींचा हात बरा झाला. अंगठ्याजवळ वण राहिला आहे आणि थंडीत बोटं पूर्ण मिटत नाहीत, असं त्या सांगतात. परवा माझ्या मुलाच्या हातून पेला फुटला. त्याने स्वतः तुकडे गोळा केले, कागदात बांधले आणि मराठीत आणि उर्दूत, दोन्ही लिप्यांत ‘काच’ लिहिलं. सकाळी पुडकं हातात घेताना मावशी म्हणाल्या, “एवढं कशाला लिहिलं? मला वाचता कुठे येतं? नुसतं सांगितलं असतं तरी चाललं असतं.”

इतकी वर्षं मुलांना लिहायला शिकवणाऱ्या मला तेही सुचलं नव्हतं. तेव्हापासून आम्ही पुडक्यावर लिहितोही आणि हातात देताना सांगतोही. तुम्हीही उद्या सकाळी गाडी आली की खाली उतरून एवढं करा. आधी त्या बाईचं नाव विचारा, आणि मग पुढच्या गल्लीला सांगा.

अल्लाह आपल्या सर्वांना दुसऱ्याच्या हाताची काळजी घेण्याची तौफिक देवो. आमीन.